मदत हवी आहे: ‘वॉचमेन’च्या गटवाचनाचे टप्पे कसे पाडावेत?

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ (१९८६-८७) हे खुनाच्या तपासापासून सुरू होणारं कॉमिक सहा बैठकांत वाचायचंय. बाराही प्रकरणं, बैठकीला दोन. बहुतेकांचं पहिलंच वाचन, म्हणून खुनी कोण ते कृपया इथे लिहू नका.

पहिली अडचण मजकुराची. पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी आत्मचरित्राचे उतारे, मनोरुग्णालयातली फाइल, मुलाखत असं काहीबाही जोडलंय. नवे वाचक ते हमखास गाळतात आणि तिथले दुवे हातचे जातात. आधी घरी वाचून यायला सांगावं, की बैठकीतच वाचावं? माझा कल घरी वाचण्याकडे आहे.

दुसरी, पाचवं प्रकरण. त्याची २८ पानं आरशासारखी रचलेली आहेत: पहिलं पान अठ्ठाविसाव्याशी जुळतं, दुसरं सत्ताविसाव्याशी, मध्यभागी १४-१५ची जोडी. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचलं की हे दिसतच नाही. समोरासमोरची पानं सलग दाखवणारं सोपं ॲप कुणी सुचवेल का?

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या प्रकरणात रोर्शाक हा तपास करणारा मुखवटाधारी नायक हँगरची तार सरळ करून कपाटाची आतली खोली मोजतो. ती बाहेरच्यापेक्षा कमी भरते आणि चोरकप्पा सापडतो. यात एका शब्दाचाही खुलासा नाही, सगळं चित्रातच. अशा मूक चौकटींवर वाचकांना थांबवायचं, पण ‘हा दुवा आहे’ असं सांगायचं नाही. त्यासाठी कोणते प्रश्न विचारता?