पुढचं येतंय म्हणून थांबायचं का? प्रोसेसर, मेमरी आणि ऑफिसच्या अफवांवर चर्चा

पिव्होट

पुढचे प्रोसेसर, पुढचं विंडोज, पुढचं ऑफिस. दर आठवड्याला काहीतरी लीक होतं आणि लगेच "थांबा, आत्ता घेऊ नका" असे सल्ले सुरू होतात. माझं मत सरळ आहे. अफवांवर खरेदी अडवून ठेवू नये. कामाला मशीन हवं असेल तर घ्यावं, आणि तारीख बघायचीच तर सपोर्ट संपण्याची बघावी. ती कंपनीने स्वतः जाहीर केलेली असते.

ऑफिसचंच घ्या. एकदाच पैसे भरून मिळणारं ऑफिस दर तीन वर्षांनी आलं: २०१५ मध्ये (ऑफिस २०१६), २०१८ मध्ये (ऑफिस २०१९), मग २०२१ आणि २०२४ मध्ये. त्यावरून पुढचं २०२७ मध्ये येईल असा अंदाज बांधला जातोय, आणि अंदाज म्हणून तो वावगा नाही. पण ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींचा सपोर्ट एकाच दिवशी संपला, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. २०१५ मध्येच ज्याने घेतलं त्याला दहा वर्षं मिळाली. नवीन येतंय म्हणून जो २०१८ पर्यंत थांबला त्याला सात. २०२१ आणि २०२४ च्या आवृत्त्यांना तर पाचच वर्षं आहेत.

मी स्वतः एका प्रोसेसरच्या बातम्या वाचत चौदा महिने थांबलो होतो. जुन्या लॅपटॉपवर मोठा तक्ता सेव्ह करायला टाकला की खालची पट्टी अर्ध्यावर येऊन अडायची, आणि मी कीबोर्डवरून हात काढून बसायचो. दिवसातून वीस वेळा तरी. शेवटी एका मित्राने हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून दिली आणि तोच तक्ता त्याच लॅपटॉपवर चटकन सेव्ह व्हायला लागला. अडचण प्रोसेसरची नव्हतीच. ते चौदा महिने मला आजही खटकतात.

तिसरा स्लॉट

ऑफिसचं गणित मान्य, पण ते हार्डवेअरला लावू नका.

एप्रिल २०१८ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की ॲपल २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची चिप घालण्याच्या तयारीत आहे. अनेकांनी ती अफवा म्हणून सोडून दिली. मार्च २०२० मध्ये इंटेलवाली नवी मॅकबुक एअर आली, लोकांनी घेतली. जूनमध्ये ॲपलने बदल जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये मॅकसाठीची त्यांची पहिली चिप, एम१, आली. आता २०२५ ची मॅकओएस टाहो ज्यांवर चालते त्या मॅकची यादी बघा. त्यात इंटेलची एकही एअर नाही, आणि जेमतेम आठ महिन्यांनी आलेली एम१ एअर आहे.

जाहीर झालेली तारीख बघा म्हणता, पण मार्च २०२० मध्ये ती होती कुठे? ॲपल अशी तारीख आधी सांगतच नाही. तिथे हाताशी होती ती फक्त ती बातमी.

कोरा कागद

पिव्होट यांच्याशी सहमत. लीक सोडा, अधिकृत वेळापत्रकाचाही भरवसा धरता येत नाही.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे कोपायलट प्लस पीसी, म्हणजे एआयसाठीचे खास पीसी, जाहीर झाले. एनपीयू (प्रोसेसरमधला एआयची कामं करणारा भाग) किमान ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया) हवा, मेमरी किमान १६ जीबी. "आता एनपीयूशिवाय काही घेऊ नका" ही ओरड तेव्हापासूनची. ज्या रिकॉलचा (स्क्रीनची चित्रं साठवून आधी पाहिलेलं शोधून देणारी सोय) सगळ्यात जास्त गाजावाजा झाला ते जूनमध्ये यायचं होतं. सुरक्षेवरून टीका झाली, पुढे ढकललं गेलं, आणि सगळ्यांसाठी खुलं व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इंटेलचे नवे डेस्कटॉप प्रोसेसर आले. त्यांचा एनपीयू १३ टॉप्सचा! अट जाहीर झाल्यावर पाच महिन्यांनी आलेला प्रोसेसर अटीत बसत नव्हता.

इंटेलचं चिप बनवण्याचं १० नॅनोमीटर तंत्र तर २०१६ च्या सुमारास अपेक्षित होतं. लॅपटॉपमध्ये खऱ्या अर्थाने ते २०१९ मध्ये आलं आणि डेस्कटॉपवर नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्यासाठी जो थांबला असेल त्याने पाच वर्षं कशावर काम केलं असेल?

सूत्रधार

पिव्होट, ऑफिसचं गणितही मला पूर्ण पटलेलं नाही. तुम्ही फक्त वर्षं मोजलीत. आत काय मिळालं ते कोण मोजणार?

एक्सलुकअप (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधून आणणारं एक्सेलचं फंक्शन) ऑफिस २०१९ मध्ये नाही, २०२१ मध्ये आहे. नव्या आवृत्तीत हे फंक्शन वापरून केलेला तक्ता २०१९ मध्ये उघडला की आधी सगळं ठीक दिसतं, कारण शेवटचे आकडे फाइलमध्ये साठवलेले असतात. सेलवर क्लिक केलं की फॉर्म्युल्याच्या पुढे 'एक्सएलएफएन' अशी अक्षरं चिकटलेली दिसतात. कोणी तो सेल उघडून नुसतं एंटर दाबलं तरी आकडा जातो आणि 'नेम' एरर येते. महिनाअखेरीच्या हिशोबात हे झालं तर चूक शोधताना रात्र जाते. ज्यांच्याकडे बाहेरून फाइली येतात त्यांच्यासाठी तीन वर्षं थांबणं वाया गेलेलं नाही.

पिव्होट

सूत्रधार, हा मुद्दा बिनतोड आहे. मी एकट्याने काम करणाऱ्याचा विचार केला होता, फाइली इकडून तिकडे जातात त्यांचा नाही.

तिसरा स्लॉट, ॲपलबद्दलही मान्य. पण ती एक बातमी खरी ठरली म्हणून आज आपल्याला आठवते. तिच्याबरोबर आलेल्या आणि विरून गेलेल्या बातम्यांचा हिशोब कोणीच ठेवत नाही. आणि उलटही होतं. २०१७ मध्ये सातव्या पिढीचा इंटेल घेणाऱ्याला कुठल्या अफवेने सांगितलं होतं की विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होईल? मी तरी असं कुठे वाचलं नव्हतं.

तिसरा स्लॉट

म्हणूनच मी म्हणतो, सगळ्या बातम्या एका मापाने मोजू नका. बेंचमार्कचे (वेगाच्या चाचण्यांचे) आकडे, मॉडेलची नावं, लाँचच्या तारखा यांना मीही भाव देत नाही. पण सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डवरची जागा) बदलणार का, मेमरीचा प्रकार बदलणार का, मेमरी कमी पडणार का, याच्या खुणा आधी दिसतात. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशल या नावाने ग्राहकांना मेमरी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या बरेच आधीपासून डेटा सेंटर मेमरी ओढून घेतायत हे लिहून येत होतं. ज्यांनी ते मनावर घेतलं त्यांनी रॅम आधीच भरून ठेवली.

कोरा कागद

पण त्या बातमीने "थांबा" सांगितलं नाही, "लवकर घ्या" सांगितलं. तुमचं उदाहरण पिव्होट यांच्याच बाजूचं झालं.

तिसरा स्लॉट

बातमी उपयोगी पडली की नाही, वाद त्याचा आहे. थांबायचं की धावायचं हे बातमीवर ठरेल.

सूत्रधार

रॅम भरून ठेवण्यावरून आठवलं. लॅपटॉप घेणाऱ्यांनी आधी मेमरी सुटी आहे की सोल्डर केलेली (बोर्डवर कायमची जोडलेली) हे बघा. इंटेलच्या लुनार लेक या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे, कमाल ३२ जीबी, नंतर वाढवायची सोयच नाही.

पिव्होट

हे मात्र मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. माझ्या पत्नीसाठी याच आठवड्यात लॅपटॉप बघतोय. तिच्या मशीनवर ऑफिस २०२१ आहे, त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज १० ची घरगुती वापरकर्त्यांना मिळालेली वाढीव मुदतही त्याच तारखेची. २०२७ च्या ऑफिससाठी थांबणार नाही. मेमरीचे दोन सुटे स्लॉट असलेलं मॉडेल शोधतोय.