दोन इंजिनांचे जुने हेलिकॉप्टर घ्यावे का?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार. आमचा ओतकामाचा कारखाना आहे आणि पुणे, मुंबई, गोवा अशा फेऱ्या सतत होतात. सह्याद्री ओलांडायचा म्हटल्यावर एका इंजिनाच्या भरवशावर निघायला वडिलांचा ठाम नकार आहे. एका दलालाने परदेशातील 1980 च्या दशकातले एएस 355 एफ2 सुचवले असून त्याची किंमत नव्या मोल्डिंग लाइनपेक्षाही कमी आहे. एवढ्या स्वस्तात मिळते म्हणजे नेमके पाणी कुठे मुरते आहे?

उत्तर 1 (देखभाल अभियंता)

पाणी सुट्या भागांच्या उरलेल्या आयुष्यात मुरते. मुख्य गिअरबॉक्स, रोटर हेड, पाती आणि इंजिनांचे टर्बाइन या प्रत्येकाला उड्डाणतासांची, सायकलींची (म्हणजे सुरू-बंद होण्याच्या फेऱ्यांची) किंवा वर्षांची मर्यादा असते. त्यामुळे हँगरमध्ये नुसते उभे राहिलेले यंत्रही काही बाबतीत म्हातारे होतच असते. शिवाय एएस 355 मध्ये दोन्ही इंजिनांची शक्ती एकत्र करणारा एक जादा गिअरबॉक्स आहे, जो एका इंजिनाच्या एएस 350 मध्ये नसतो. म्हणून दलालाकडे फोटो मागण्याआधी प्रत्येक भागाचे कार्ड, म्हणजे त्याच्या वापराची आणि दुरुस्तीची नोंद, मागा, आणि एखाद्या भागाचा इतिहास मधेच तुटलेला दिसला तर तो भाग नवा घ्यावा लागेल असे धरूनच हिशोब करा. तपासणीला मात्र स्वतः जा. गिअरबॉक्सचा चुंबकीय प्लग (तेलातले धातूचे कण पकडणारे बूच) आपल्यासमोर काढायला लावा: त्यावर राखाडी, पिठासारखा मऊ थर असेल तर तो बहुधा नेहमीच्या झिजेचा असतो, पण नखाला टोचणारी चकचकीत कपची दिसली तर पुढची बोलणी थांबवा. लोखंडाचा कीस ओळखायला तुम्हाला आम्ही काय शिकवणार!

उत्तर 2 (निवृत्त वैमानिक)

वडिलांची काळजी रास्त आहे, परंतु दोन इंजिने असणे आणि एकावर निभावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एफ2 मध्ये ॲलिसन कंपनीची प्रत्येकी सुमारे 420 अश्वशक्तीची दोन इंजिने असून कमाल वजन 2,540 किलो आहे. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 2,000 फुटांवर आहे. एप्रिलमध्ये पारा 38 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की यंत्राला आपण 5,200 फुटांवर असल्यासारखे वाटते. अशा दुपारी पूर्ण भरलेल्या यंत्राचे एक इंजिन बंद पडले, तर दुसरे घाटमाथ्यावर उंची राखेल की केवळ खाली येण्याचा वेग कमी करेल, हे उड्डाण-पुस्तिकेतील आलेखावर तुमच्या माणसांचे आणि इंधनाचे वजन मांडून पाहा. त्याच घराण्यातले एएस 355 एन, ज्याला संगणक-नियंत्रित एरियस इंजिने आहेत, किंवा ईसी 135 हे दोन इंजिनांचे दुसरे हेलिकॉप्टर महाग पडेल; मी असतो तर जास्त पैसे तिथे घातले असते.

उत्तर 3

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आयातीच्या परवानगीबद्दल डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) लेखी खात्री करून घ्यावी. खासगी वापरासाठी नोंदवलेले हेलिकॉप्टर मित्रांनाही भाड्याने देता येत नाही, त्यामुळे भाड्यातून खर्च निघेल हे गणित धरू नका.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दलालाकडे कार्डे मागितली, तेव्हा त्याने आतील आसनांचे नवे फोटो पाठवले. सध्या ईसी 135 ची चौकशी सुरू केली आहे.