उन्हातला खेळ आणि मुलांचे पाणी : अनुभव धागा

मार्च उजाडला की शाळा सकाळची होते, पाठोपाठ शिबिरे, सामने आणि गडांच्या सहली सुरू होतात आणि मुले घरापेक्षा मैदानावर अधिक दिसू लागतात. पाण्याची बाटली सोबत दिलेली असते, तरीही ती बऱ्याचदा जवळपास भरलेलीच घरी परत येते, हे अनेक पालकांनी पाहिले असेल. खेळाच्या भरात मुलांना तहान उशिरा कळते आणि कळली तरी डाव सोडून पाण्यासाठी जाणे त्यांना नको असते. म्हणून कोणते पेय चांगले एवढ्यावरच न थांबता, मूल प्रत्यक्षात पाणी कधी पिते, कशामुळे पीत नाही आणि त्यासाठी आपण काय केले, हे या धाग्यात सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. प्रशिक्षक, शिक्षक, डॉक्टर, पालक आणि स्वतः खेळणारी मुले अशा सर्वांनी लिहावे.

खो-खो प्रशिक्षिका, अकोला

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे सकाळचा सराव आठच्या आत संपवावाच लागतो. दर वीस मिनिटांनी शिट्टी होते आणि तहान असो वा नसो, सर्वांनी पाणी प्यायचे असते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना एवढ्या अंतराने १०० ते २५० मिलिलिटर पाणी द्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. आमच्याकडे पेला भरून देतो, तो साधारण तेवढाच होतो. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करण्याचाही उपयोग झाला. तासाभरात घटलेले वजन म्हणजे जवळजवळ सगळे घामावाटे गेलेले पाणी. तीस किलोच्या मुलीचे वजन सहाशे ग्रॅमने उतरले, तर तिच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, असे आकड्यात दाखवल्यावर मुलींना ते लगेच पटते.

मात्र मुलींची खरी अडचण वेगळीच निघाली. शिट्टी झाली की त्या ओठ ओले करून पेला खाली ठेवत. मैदानाजवळचे स्वच्छतागृह कुलूपबंद तरी असे किंवा आत पाऊल टाकवणार नाही असे. लघवीला जाण्याची वेळच येऊ नये म्हणून त्या घरून निघण्यापूर्वीही पाणी टाळत आणि पाळीच्या दिवसांत तर अधिकच. मग पाठपुरावा करून असे ठरवून घेतले की सरावाच्या वेळी किल्ली संघातल्या मोठ्या मुलीकडे राहील, आत पाणी, बादली आणि दाराला कडी असेल आणि कोणी मध्येच उठून गेली तर तिला कोणीही एक शब्द विचारणार नाही. त्यानंतर पाण्याचा आग्रह करावा लागला नाही. मुलींच्या संघांबरोबर काम करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मैदानावर माठ ठेवण्याआधी तिथले स्वच्छतागृह पाहून यावे.

बारावीची विद्यार्थिनी, बीड

ताईंनी लिहिलेले अगदी खरे आहे. परगावी सामने असले की प्रवासातही आम्ही मुली पाणी पीत नाही. दुपारी डोके ठणकू लागते आणि आम्ही तो दोष उन्हाला देतो. प्रशिक्षक पुरुष असतील तर हे त्यांना सांगताही येत नाही, म्हणून त्यांनी आपणहून सोय करावी.

बालरोगतज्ज्ञ, नागपूर

तासाभराच्या खेळाला साधे पाणी पुरते. खेळ त्याहून लांबला आणि घाम खूप आला, तर मिठाचीही भरपाई लागते. त्यासाठी लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा मीठ घातलेले पातळ ताक चालते. ओआरएसच्या बाबतीत मात्र पालकांची गफलत होते. एक लिटरच्या पाकिटातली थोडी थोडी भुकटी अंदाजाने पेल्यात टाकली जाते आणि मिठाचे प्रमाण बिघडते. पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे आणि ते पाणी २४ तासांच्या आत वापरावे. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे प्रमाण ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. तयार गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट असते. अशा पेयांच्या नावांत ओआरएस हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ते फार आवश्यक होते.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, एवढ्यावर मूल सावलीत बसवून पाणी दिले की बहुधा सावरते. पण ते असंबद्ध बोलू लागले, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते, त्यामुळे घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

वस्ताद, कोल्हापूर जिल्हा

कुस्तीत पाणी न पिण्याचे कारण निराळेच आहे. वजनगटात बसण्यासाठी पोरे आदल्या दिवशी पाणी बंद करतात, भर उन्हात जाड कपडे घालून पळतात आणि वजनाच्या काट्यावरून उतरली की घटाघटा पाणी पितात. मोठ्या मल्लांचे पाहून हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपर्यंत आले आहे आणि ते पाहवत नाही. वाढत्या वयातल्या पोराने वजन तोडू नये, त्याने वरच्या गटात लढावे, हा आमच्या तालमीतला नियम आहे. पालकांना तो पटवायला वेळ लागतो, कारण खालच्या गटात पदक सोपे वाटते. यात्रेची मैदाने ऐन चैत्र-वैशाखात दुपारी भरतात. कुस्ती लागेपर्यंत पोरे उन्हात तासन् तास बसतात, म्हणून आम्ही त्यांना आखाड्याजवळ न बसवता झाडाखाली ठेवतो आणि पुकारा झाला की आणतो.

पालक, अटलांटा

इथे माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये आहे. ऑगस्टच्या उन्हात जड वाद्य घेऊन संचलन करणे हा खेळाइतकाच कष्टाचा प्रकार आहे. जॉर्जिया राज्यात शालेय खेळांसाठी २०१२पासून नियम आहे की केवळ तापमान न पाहता आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा पाहायचा. तो ९२ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की मैदानावरील सराव बंद होतो. त्याखालच्या टप्प्यांवर विश्रांती वाढत जाते. कोणत्याही शिक्षकाला स्वतःच्या अंदाजावर निर्णय घ्यावा लागत नाही आणि कोणत्याही मुलाला ‘मला होत नाही’ असे सांगावे लागत नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पारा ३४वर असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, हे आठवले की तिथेही असे मोजमाप असावे, असे फार वाटते.

गिर्यारोहण प्रशिक्षक, पुणे

एप्रिलमध्ये गडावरील टाक्यांच्या भरवशावर मुलांना नेऊ नये. बरीच टाकी आटलेली असतात आणि उरलेले पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावे लागते. कळसूबाईसारखी, वर सावली नसलेली वाट असेल, तर आम्ही पहाटेच्या अंधारात चढतो आणि ऊन तापण्याआधी शिड्या उतरून खाली येतो. प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी असते. प्रत्येक थांब्यावर मी मुलांच्या बाटल्या हातात घेऊन पाहतो. ज्याची बाटली जड, त्याच्याजवळ बसून त्याला प्यायला लावतो. मुले परतीचे पाणी राखण्यासाठीही कमी पितात, म्हणून जादा पाणी प्रशिक्षकांच्या पाठीवर आहे हे त्यांना निघतानाच दाखवावे.

आजी, रत्नागिरी

नातवंडे सकाळी खेळायला निघण्यापूर्वी मीठ घातलेली भाताची पेज पितात आणि परतल्यावर कोकमाच्या आगळाचे पाणी. आगळात मीठ असतेच, त्यामुळे साखर थोडीच लागते.

जिल्हा परिषद शिक्षिका, लातूर

केरळमधील शाळांनी २०१९मध्ये पाण्याची घंटा सुरू केल्याचे वाचून आम्हीही ती सुरू केली. घंटा झाली की मुले आणि शिक्षक सगळेच बसून पाणी पितात. परंतु २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात टाकी भरलेली आहे का, हा प्रश्न घंटेच्या आधी येतो. एप्रिलमध्ये आमची टाकी टँकरवर अवलंबून असते आणि मुलांच्या बाटल्या लहान असतात. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडून ठराव करून घेतला आहे की टाकीत पाणी नसेल त्या दिवशी मैदानी खेळ होणार नाहीत. टँकर चुकला की खेळाच्या तासाला मुले वर्गात कॅरम आणि बुद्धिबळ खेळतात, आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडेही दिलेली असल्याने टँकर आता पूर्वीपेक्षा कमी चुकतो.