मदत हवी आहे: टक्केवारीवर देणग्या आणायला नाही म्हणायचं आहे, विश्वस्तांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

संस्थांसाठी निधी उभा करण्यात माझी २७ वर्षं गेली. आधी पुण्यात नोकरी, मग स्वतंत्र सल्लागार. गेल्या वर्षी बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी परत आलो. आता खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या ट्रस्टने बोलावलंय. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलींसाठी ते वसतिगृह चालवतात. त्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याची गरज सांगायला नको.

बैठकीत विश्वस्त म्हणाले, "सर, फी द्यायची आमची ऐपत नाही. तुम्ही आणाल त्यातले दहा टक्के तुमचे." माणसं सरळ आहेत, त्यांना यात काही वावगं वाटत नाही. पण आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत टक्केवारीवरचा मोबदला बसत नाही, आणि मलाही तो मनापासून पटत नाही. देणाऱ्याने मुलींच्या जेवणासाठी दिलेल्या शंभरातले दहा मी घेतले, हे त्याला तोंडावर सांगता येईल का? शिवाय टक्केवारी ठरली की माझे पाय बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांकडेच वळणार. पाचशे रुपये देणाऱ्याला पत्र लिहायला मी कशाला बसेन?

आणि खरा ठेवा तिथेच आहे. कपाटातून २०११ पासूनची पावतीपुस्तकं काढली. कार्बनच्या निळ्या प्रती, काही वाळवीने कुरतडलेल्या. एका पावतीवर "कै. आईच्या स्मरणार्थ, रु. ५०१" आणि तेच नाव सलग सहा वर्षं, मग एकदम बंद. शोधून फोन केला तर ते गृहस्थ पुण्यात. म्हणाले, "तुमच्याकडून कधी एक ओळ आली नाही, वाटलं वसतिगृह बंद पडलं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

पावत्यांवर पॅन नाही, बहुतेकांवर फोनही नाही. ट्रस्टला ८०जी (देणगीवर दात्याला आयकरात सवलत देणारी मान्यता) आहे, पण ३१ मेपर्यंत १०बीडी, म्हणजे वर्षभराच्या देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरण, भरायचं तर दात्याचा पॅन, आधार किंवा दुसरा ओळख क्रमांक लागतोच. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीचा अर्ज मी पुढे ढकललाय, आधी ही घडी बसू दे. नव्या कररचनेत ८०जीची सवलतच मिळत नाही, त्यामुळे पत्रात "कर वाचवा" यापेक्षा "मुली शाळेत टिकल्या" हेच लिहिणार.

माझा प्रस्ताव असा: सहा महिने ठरावीक, अगदी कमी मानधन, तेही देणग्यांतून नाही, तर एखाद्या हितचिंतकाने फक्त याच कामासाठी वेगळे दिलेल्या पैशातून. असा हितचिंतक कुणी मिळवलाय का? त्याच्यापुढे विषय कसा काढलात? आणि विश्वस्तांच्या ठरावात नेमके शब्द काय घातलेत?

दुसरं, जुने दाते शोधायचे कसे? गावच्या यात्रेला पुण्या-गोव्याची माणसं येतात, तेव्हा पावतीपुस्तक घेऊन बसावं असं मनात आहे. कुणी केलंय?

आणि एक. हुबळी-बेंगळुरूच्या दात्यांना पत्र कन्नडमधूनच जायला हवं. मला कन्नड बोलता येतं, पण पत्रात जीव ओतण्याइतकं नाही. मराठीचं भाषांतर नको, मुलींना भेटून स्वतःच्या शब्दांत लिहील असं कुणी बेळगाव-खानापूर भागात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बैठक पुढच्या रविवारी आहे.