खाडीच्या तोंडावर सावली पकडणारं रडार: चालेल का?

खाडीकाठी: जयगड खाडीच्या एका काठावर ट्रान्समीटर, समोर रिसीव्हर. मधून होडी गेली की रेडिओ लहरी अडतात आणि तिची सावली पलीकडे पडते. हे फॉरवर्ड स्कॅटर रडार. नेहमीच्या रडारला परतीचा प्रतिध्वनी लागतो, आणि लाकडी होडी तो जेमतेमच देते. इथे नुसती बाह्यरेषा पुरते. रिसीव्हरला होडी केवढी वाटेल याचा हिशेब करा: ४π गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग, भागिले तरंगलांबीचा वर्ग. १० चौरस मीटर बाजू, ३० सेंटिमीटर तरंगलांबी, म्हणजे सुमारे १४,००० चौरस मीटर! १९२२ साली पोटोमॅक नदीवर टेलर आणि यंग यांना लाकडी जहाजाची चाहूल अशीच लागली होती.

पागवाला: हा आकडा पूर्ण अडवणाऱ्या वस्तूचा. आमच्या फायबरच्या होडीचा पातळ पत्रा लहरी आरपार सोडतो, मग सावली कसली? अडवते ती मशीन, बर्फ आणि माणसं. शिवाय तो आकडा ट्रान्समीटर-रिसीव्हर रेषेच्या अगदी जवळच खरा. आठ मीटरच्या होडीला दोनेक अंश बाजूला गेलात की संपलं.

खाडीकाठी: फायबरचं मान्य, घाईत लिहिलं. पण सावलीवरून होडीचं चित्र काढण्याचं काय? होडी रेषा ओलांडताना आधी नाळ (पुढचं टोक), मग केबिन, मग मागचं टोक, अशी सावली क्रमाने बदलते. त्या सिग्नलवरून होडीची उंची कुठे किती हे काढता येतं. पर्ससीनची (वेढ्याच्या मोठ्या जाळ्याची) आणि पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारी होडी सहज वेगळी दिसेल.

सर्किटवाला: सहज नाही. लांबी म्हणजे वेग गुणिले वेळ, आणि वेग कुठून आणणार? डॉप्लर, म्हणजे हालचालीने फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, रेषेवर शून्य होतो, आधी-नंतर बदलत जातो. त्या बदलाचा चढ वेगावर अवलंबून, तसाच होडी काठाजवळ की मधोमध यावरही. काठालगत हळू जाणारी आणि मध्यातून जोरात जाणारी सारखाच चढ देऊ शकतात. त्यात मधोमधची होडी काठालगतची समजलात की वेग कमी, म्हणून लांबीही कमी, आणि तुमचा पर्ससीन पागाच्या होडीएवढा. आणि आत गेली की बाहेर, हेही एका जोडीतून कळत नाही.

खाडीकाठी: म्हणून दोन रिसीव्हर, थोड्या अंतरावर. आधी कुठल्याचा सिग्नल हलला ते बघा, दिशा कळते; मधल्या वेळेला तो चढ जोडला की वेगही.

पागवाला: दुसरो कोणाच्या वाडीत लावतलास? आणि वाऱ्यान माड हलतत त्यांका कोण थांबवतलो? तेंचोपण डॉप्लर येतलो मां!

सर्किटवाला: हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. झाडांची मंद हालचाल खरंच सिग्नलमध्ये मिसळते, आणि होडीचा डॉप्लरही इतकाच मंद असतो. आधी पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, खाडीत होड्या कमी असताना नुसते माड आणि लाटा महिनाभर मोजा.

खाडीकाठी: वाडी माझ्या मावशीची. विचारतो.