प्रकट मुलाखत घ्यायची आहे: लेखिकेला प्रश्न आधी पाठवावेत का?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटाने एका लेखिकेची प्रकट मुलाखत ठरवली आहे आणि ती मी घ्यायची आहे. बाई राजकारण आणि समाजावर लिहितात, कोणाची भीड न ठेवता लिहितात, त्यामुळे सभागृहात चाहतेही असतील आणि चिडलेलेही. एकूण वेळ दीड तास, त्यातला शेवटचा अर्धा तास श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी.

पुस्तकं वाचून झाली आहेत, टिपणंही भरपूर काढली आहेत. पण बाईंनी प्रश्न आधी मागवलेत आणि गटातल्या काहींचं म्हणणं आहे की वादाचे विषय टाळावेत. त्यांच्या एका भूमिकेशी माझं अजिबात जमत नाही. मुलाखतकाराने आपलं मत बाजूला ठेवावं की विचारून टाकावं? ज्यांनी अशा मुलाखती घेतल्यात किंवा खूप ऐकल्यात, त्यांनी जरूर लिहा.

मंचावरून

विषय पाठवा, प्रश्न पाठवू नका.

आधी हातात पडलेल्या प्रश्नाचं उत्तर घरून तयार होऊन येतं, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्याच एखाद्या लेखातलं असतं. तो लेख श्रोत्यांनी वाचलेला आहे किंवा ते वाचू शकतात. छापील मुलाखतीची गोष्ट निराळी. ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकाने 1953 च्या पहिल्या अंकापासून लेखकांच्या मुलाखती छापल्या, पहिली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची. त्या परंपरेत लेखकाला आपलं बोलणं तपासून, दुरुस्त करून देता येतं, आणि म्हणूनच त्या मुलाखती पुन्हापुन्हा वाचाव्याशा वाटतात. मंचावर मात्र माणसं येतात ती उत्तर घडताना बघायला. बाई अडखळतील, वाक्य अर्धं सोडून दुसरं धरतील, ते बघायला. ते तुम्ही आधीच काढून घेऊ नका.

मात्र पाहुण्यांना अंधारातही ठेवू नका. कोणत्या विषयांवर बोलायचं, त्यांच्या कोणत्या पुस्तकातला कोणता उतारा वाचून दाखवणार, हे नीट कळवा. खाजगी आयुष्यातलं काय विचारलेलं चालणार नाही हेही विचारून घ्या आणि तो शब्द पाळा. वीस वर्षांपूर्वीचं वाक्य खिशातून काढून भर सभेत पाहुण्यांना कोंडीत पकडणारे मुलाखतकार मी पाहिले आहेत. टाळ्या पडतात, पण त्यानंतर पाहुणा शेवटपर्यंत मोकळा होत नाही. तोच उतारा आधी कळवला असता तर ‘तेव्हा असं का वाटलं होतं’ याचं खरं उत्तर मिळालं असतं.

आता तयारीबद्दल. ‘आजच्या समाजाकडे तुम्ही कसं पाहता?’ हा प्रश्न वहीत असेल तर आजच खोडा. त्याला कोणीही काहीही उत्तर देऊ शकतं. त्यांच्या लिखाणातलं एक वाक्य घ्या आणि तिथून आत शिरा. 1964 साली पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर पत्रकार ग्युंटर गाउस यांनी विचारवंत लेखिका हाना आरेन्ट यांची मुलाखत घेतली, ती मिळाली तर बघा. सुरुवातीलाच ते त्यांना तत्त्वज्ञ म्हणतात आणि त्या ते नाकारतात: आपलं क्षेत्र राजकीय सिद्धान्ताचं, तत्त्वज्ञांच्या वर्तुळात मी बसत नाही. गाउस तिथे ‘बरं’ म्हणून पुढच्या प्रश्नावर उडी मारत नाहीत. मी तर तुम्हाला तत्त्वज्ञच समजतो असं सांगतात आणि फरक काय तो विचारतात. मग आरेन्ट तत्त्वज्ञान आणि राजकारण यांच्यातल्या जुन्या तणावाबद्दल बोलू लागतात, आणि ती मुलाखतीतली फार मोलाची जागा आहे. वहीतला पुढचा प्रश्न घाईने वाचला असता तर ती मिळाली नसती. माझ्या मते मुलाखतकाराचं अर्धं कौशल्य या दुसऱ्या प्रश्नात असतं, जो वहीत लिहिलेलाच नसतो.

मोठ्या प्रश्नाकडे लहान प्रश्नांवरून जा. बीबीसीवर मुलाखतकार जॉन फ्रीमन यांनी 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना ‘देवावर विश्वास आहे का’ हे थेट विचारलं नाही. आधी बालपण, धर्मोपदेशक वडील, तेव्हाची श्रद्धा, आणि मग ‘आता?’ युंग थबकले आणि म्हणाले, विश्वास ठेवायची गरज नाही, मला ते माहीत आहे. त्या उत्तरावर इतकी चर्चा झाली की पुढे त्यांनी लेखी खुलासा केला. आणि त्या कार्यक्रमात फ्रीमन यांचा चेहरा जवळजवळ दिसतच नसे! कॅमेरा पाहुण्यावर. मंचावर बसताना हे मनात असू द्या.

तुमच्या मतभेदाबद्दल: विचाराच. पण ‘काही लोक असं म्हणतात’ या आडोशाने विचारू नका, कारण ते सगळ्यांना कळतं. ‘मला हे पटत नाही, आणि कारण असं’ एवढं दोन वाक्यांत सांगा. विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडा, सोपा नको. मग गप्प बसा. पाहुणे विचारात पडले की मुलाखतकाराला ती शांतता असह्य होते आणि तो स्वतःच उत्तर सुचवू लागतो. तसं करू नका, सभागृह थांबायला तयार असतं.

उलटा_सूर

वरच्या प्रतिसादाशी बराच सहमत, पण एक सुचवतो. इतका मतभेद असेल तर विरुद्ध विचारांचा आणखी एक पाहुणा बोलवा की. केंब्रिज युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत 1965 साली कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी लेखक विल्यम बकली समोरासमोर आले. अमेरिकन स्वप्न कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभं आहे का, असा विषय. तो वाद लोक आजही बघतात.

मंचावरून

बाल्डविन यांचं ते भाषण मीही अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो. पण ते भाषण आहे. शेवटी मतदान झालं, 544 विरुद्ध 164, बाल्डविन यांची बाजू जिंकली. जिथे मतं मोजायची असतात तिथे ‘तुमचा हा मुद्दा मला विचारात टाकतो’ असं कोणी म्हणत नाही. दोन पाहुणे हवेच असतील तर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांची 1971 ची नेदरलंड्समधल्या आइन्डहोवनची भेट पाहा. एक इंग्रजीत बोलतो, दुसरा फ्रेंचमध्ये. मानवी स्वभावापासून निघून दोघं राजकारणावर येतात आणि न्यायाच्या कल्पनेवर खरे भिडतात. चॉम्स्की यांना न्यायाला माणसाच्या स्वभावात काही पाया आहे असं वाटतं, तर फूको यांच्या मते ती कल्पनाच सत्तेच्या झगड्यात घडलेलं हत्यार आहे. हे तासाभरात जमायला दोघंही त्या तोडीचे हवेत. अक्षरवेल यांनी पहिल्याच वेळी हा भार घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटची_रांग

मी कायम ऐकणाऱ्यांत असते, म्हणून फक्त त्या शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल लिहिते. तो वाचवा. मुलाखत लांबली की सगळ्यात आधी श्रोत्यांच्याच वेळेला कात्री लागते आणि ते फार लागतं.

पहिला प्रश्न एखाद्या बाईला किंवा तरुण मुलीला विचारू द्या. 2018 मध्ये एक अभ्यास आला होता, 10 देशांतल्या सुमारे 250 विद्यापीठीय चर्चासत्रांचा. त्यात दिसलं की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढच्या प्रश्नांतही स्त्रियांचं प्रमाण कमी राहतं. चर्चासत्र वेगळं, तुमचा कार्यक्रम वेगळा, तरी हे करून पाहायला काय हरकत आहे?

माइक कार्यकर्त्याच्याच हातात राहू द्या, श्रोत्याच्या हातात गेला की भाषण सुरू होतं. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवणार असाल तर त्या निवडणार कोण हे आधी जाहीर करा, नाहीतर अवघड प्रश्न गाळले अशी शंका राहते. आणि प्रश्न मंचावरून एकदा पुन्हा सांगा, मागे अर्धे शब्द पोचत नाहीत.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच बाईंना विषय आणि दोन उतारे पाठवते, आणि मतभेदाचा मुद्दाही त्यातच कळवते. एक विचारायचं राहिलं. त्या एकेका उत्तराला दहा-दहा मिनिटं घेतात असं ऐकलंय. इतक्या मोठ्या व्यक्तीला मध्ये तोडायचं कसं?

मंचावरून

आधीच भेटून सांगा की मी अधूनमधून थांबवेन, चालेल ना? बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. मंचावर तोडताना त्यांच्याच बोलण्यातला शब्द धरा: ‘तुम्ही आत्ता भीतीबद्दल बोललात, तिथे जरा थांबू या, कोणाची भीती?’ त्यांनाही कळतं की ही नीट ऐकते आहे. फक्त गोष्ट सांगत असतील तर तोडू नका, ती पुरी होऊ द्या. मत सांगत असतील तर तोडलेलं चालतं.