मदत हवी आहे: पेशंट 'आय फील...' म्हणाला की नेमकं काय समजायचं? (ओईटी, नर्सिंग)

नमस्कार मंडळी,

मी नर्स आहे, सध्या मेडिकल वॉर्डला. इंग्लंडला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी ३५० गुण लागतात आणि लेखनात ३००. पत्रलेखन जमतंय, वाचनाचीही काळजी नाही. गाडी अडते ती 'फील'पाशी.

आपला पेशंट बोलला की बरंचसं क्रियापदातूनच कळतं. चक्कर येते, मळमळतं, अंगात कसकस आहे, छातीत धडधडतं, पायाला मुंग्या आल्यात, उदास वाटतं. इंग्रजीत यातलं बरंच 'फील'वर भागतं. आय फील फेंट, आय फील सिक, आय फील लो, आय कान्ट फील माय टोज, आय फेल्ट अ लम्प. वेगळं विचारलं तर सांगता येतं, पण भराभर बोलण्यात शरीराचं कुठलं आणि मनाचं कुठलं हे चटकन लागत नाही.

सगळ्यात जास्त अडते 'नम'शी. 'माय फिंगर्स फील नम' म्हणजे बोटं बधिर. पण सरावाच्या एका संवादात बाई म्हणते, 'सिन्स माय हजबंड डाइड, आय फील नम.' इथे काय विचारायचं? हातपाय तपासायचे की तिच्याजवळ बसायचं? परीक्षेपुरतं नको आहे हे. उद्या अशी बाई खरोखर समोर असेल आणि माझा प्रश्न चुकला तर ती पुन्हा बोलणार नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी इंग्रजी शिकवतो. 'फील'च्या आधी आणि नंतर काय येतं तिकडे कान ठेवा, बराच गुंता सुटतो.

पुढे थेट वस्तू असेल तर बहुधा स्पर्श किंवा संवेदना: गाठ हाताला लागली, बोटांना काही कळत नाही. पुढे विशेषण असेल तर माणसाची अवस्था, आणि ती शरीराची की मनाची हे विशेषण ठरवतं. कर्ता वस्तू किंवा अवयव असेल, जसं 'माय स्किन फील्स ड्राय', तर कातडीचाच गुण सांगितलाय. आपलं 'लागणं' इथे नेमकं बसतं: कापड मऊ लागतं, पाणी गार लागतं, कातडी कोरडी लागते.

'लाइक' मात्र नीट ऐका. 'आय डोन्ट फील लाइक ईटिंग' म्हणजे खायची वासना नाही. 'इट फील्स लाइक अ टाइट बँड राउंड माय चेस्ट' म्हणजे छातीला पट्टा आवळल्यासारखं होतंय, आणि त्याचा अर्थ काय असू शकतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पुढे 'दॅट' आलं, किंवा ते गाळून सबंध वाक्य आलं, तर बहुतेक वेळा मत असतं: 'आय फील द टॅब्लेट्स आरन्ट वर्किंग', गोळ्या लागू पडत नाहीत असं त्याला वाटतं.

'आय फील वेल' आणि 'आयॅम फीलिंग वेल' यांत फारसा फरक नाही, त्यात वेळ घालवू नका. मतासाठी मात्र सहसा साधा वर्तमानकाळच वापरतात.

प्रतिसाद २

मी इंग्लंडमध्येच वॉर्डवर काम करते. वरचं सगळं बरोबर, थोडी इकडची भर घालते.

इथे 'फीलिंग सिक' म्हणजे बहुतेकदा मळमळ, आणि 'आय वॉज सिक' म्हणजे उलटी झाली. नुसतं 'आजारी' असं धरलंत तर उलटीची नोंद राहून जाईल. 'फीलिंग पुअर्ली' किंवा 'फीलिंग रफ' म्हणजे बरं नाही. म्हातारी माणसं 'आय फील अ बिट फनी' म्हणतात, त्यात गमतीचं काही नसतं. काहीतरी वेगळंच होतंय असं ती सांगत असतात. तिथे थांबायचं, नीट विचारायचं, बीपी आणि शुगर बघायची.

आता 'नम'. अर्थ आधी स्वतः ठरवूच नका. 'कॅन यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. नवऱ्याबद्दल बोलली तर ऐका, हाताला मुंग्या येतात म्हणाली तर कुठे आणि केव्हापासून ते विचारा. कधीकधी दोन्ही असतं. बोलण्याच्या परीक्षेतल्या रोलप्लेत, म्हणजे पेशंटशी करायच्या नकली संवादात, हे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण पेशंटचं मोघम बोलणं स्पष्ट करून घेणं हा तिथल्या गुणांकनाचा भाग आहे. साधारण पाच मिनिटं असतात, तेवढा वेळ मिळतो. ऐकण्याच्या परीक्षेतल्या पार्ट एमध्ये उलट करायचं: अर्थ लावत बसू नका, पेशंटच्या तोंडचा शब्द तसाच रिकाम्या जागेत लिहा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'लागणं' माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता वस्तूचा 'फील' कळतो. आणि 'नम'ला आधी विचारायचं, हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

एक अजून विचारते. ऑपरेशननंतर पेशंटला चालवताना 'डू यू फील अप टु अ शॉर्ट वॉक?' असं म्हणतात ना? यात अंगात त्राण आहे का एवढंच विचारलंय, की मनाची तयारीही आली? पेशंट 'नॉट रिअली' म्हणाला, तर त्याला दुखतंय का हे आधी विचारावं की भीती वाटते का हे?